कंबर दुखते, पण लघवीला होते ना?

कंबर धरून येणारा पेशंट आमच्याकडे निदान सोबत घेऊनच येतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. त्याआधी उसण भरली म्हणून कुणा पायाळूचा पाय लावून झालेला असतो. माझी त्याला हरकत नाही. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप बसते, मग श्रेय पायाळूला मिळो नाहीतर माझ्या शेकाच्या मशीनला.

पण एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि तो ऐकला की माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतात. लघवीला नीट होते का?

मागे एक टेम्पोवाले दादा आले होते. पोतं उचलताना चमक भरलेली, डाव्या पायात कळ. ‘मॅडम, कळ कमी झालीय, पण आता दोन्ही पाय जड वाटतात.’ लघवीचं विचारलं तर ‘होते की’. वहिनींनी मध्येच तोंड घातलं, ‘कुठं होते? सकाळपासून नुसते जाऊन उभे राहतायत.’ हात लावून बघितलं तर बेंबीखाली पोट टम्म, तरी लघवीला लागल्याची जाणीव नाही. म्हटलं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर आहे का? धुताना हात लागलेला कळतो का? ‘कालपासून कळत नाही. पण असलं तुम्हाला कसं सांगायचं?’

शेक-बिक काही न देता त्यांना थेट पुण्याला पाठवलं.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तिथून खाली नुसत्या नसा उतरतात. दोन मणक्यांमधली गादी बरीच आणि मधोमध सरकली की लघवी-संडासवर ताबा ठेवणाऱ्या नसा दाबल्या जातात. याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. लघवी तुंबते, पण जाणीवच गेल्यामुळे दुखत नाही. पुढे ती नकळत गळायला लागते आणि घरचे म्हणतात, वय झालं. शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत व्हावी असं म्हणतात. माझ्या मते हा आकडा पेशंटला सांगूच नये, लोक त्याला सवड समजतात. लघवी पूर्ण अडण्याआधी दाब निघाला तर ताबा परत येण्याची आशा जास्त.

संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन आणि झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेवा. पूर्वी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्यांनीही नवी पाठदुखी अंगावर काढू नये.

आणि रात्री लघवी अडली किंवा खाली बधिर झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणालात तर इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. ‘लघवी अडलीय, खाली बधिर झालंय’ हे आधी सांगा.