माणगंगेच्या वाळूत

म्हसवडला एसटीतून उतरलो, तेव्हा एप्रिलचं ऊन सकाळी दहालाच कानशिलं भाजत होतं. "नदी कुठंय?" असं चहावाल्याला विचारलं. "पाव्हणं, पुलावर जावा आन् खाली बघा की!" खाली पाहिलं तर वाळू, वेड्या बाभळी आणि ऐन पात्रात स्टंप रोवून चाललेला पोरांचा क्रिकेटचा डाव.

माण नदी उगवते कुळकजाईजवळ, सीतामाईच्या डोंगरात. तिथून पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. इकडे माणदेशात जेमतेम ५००, तोही बराचसा परतीचा. सह्याद्रीनं ढग आधीच पिळून घेतलेले असतात. गंगा-यमुनेसारखं उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी यावं, तर दख्खनच्या नद्यांच्या पाठीशी बर्फ नाही. खाली काळा पाषाण, पाणी साठणार ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात, म्हणजे किती? त्यामुळे पूर येतो तो लोंढ्यासारखा, दोन दिवसांत ओसरतो आणि पुढे डबकी उरतात.

पण पाणी नाही असं मात्र नाही. दिघंचीच्या अलीकडे एक आजी पात्रात गुडघ्यावर बसून झिरा उकरत होत्या. हातभर खाली वाळू ओली झाली, मग गढूळ पाणी आलं. ते त्यांनी दोनदा उपसून टाकलं आणि गप्प बसून राहिल्या. पाचेक मिनिटांत तळाशी नितळ पाणी जमलं. वाटीनं घागरीत भरत त्या म्हणाल्या, "वाळू हाय तवर पाणी हाय, बाबा." पलीकडे वाळूउपशाचे खड्डे होते. तिथं खडकच उघडा पडलेला, झिरा उकरायचा कशात?

आता टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे आणतात. आवर्तन सुटलं की भर उन्हाळ्यातही इकडचे ओढे वाहतात म्हणे. मला ते दिसलं नाही. माझ्या नशिबी वाळूच.

माण पुढे सरकोलीला भीमेला मिळते. मी मात्र संध्याकाळी पंढरपूर गाठलं. इथल्या पात्राला लोक वाळवंटच म्हणतात. पण त्या दिवशी चंद्रभागेला चक्क पाणी होतं. होडीवाल्याला म्हटलं, "वर कुठं पाऊस झाला का?" तो हसला. "पाऊस कुठला वो! उजनीतनं सोलापूरला प्यायला सोडलंय. चार दिसांनी या, चालत पलीकडं जाशीला."

आजींनी बाटलीत भरून दिलेलं पाणी घोटभर उरलं होतं. तळाशी वाळूचे चार कण होते.