शोरूममधले साडेसहा तास आणि पसरणी घाटातलं धुकं: नवी गाडी घरी आणली तो दिवस

जुलैमध्ये मी माझी पहिली मोटरसायकल साताऱ्याहून भिलारला एकटीने चालवत आणली. पाऊस होता, घाटात धुकं होतं, अंधारही पडला होता. सगळं नीट पार पडलं, पण त्या अंधारात मला जायची काहीच गरज नव्हती, शोरूमवाल्यांनी वेळेत गाडी दिली असती तर मी चार वाजता घरी चहा पीत बसले असते, आणि हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

गाडी का घेतली ते थोडक्यात सांगते. सासर भिलार, नोकरी पाचगणीत, माहेर वाई. आईला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि एसटी चुकली की अख्खा दिवस गेला. सगळे म्हणत होते स्कूटी घे, बाईमाणसाला स्कूटीच बरी. पण स्कूटीची चाकं लहान, पावसाळ्यात घाटात खड्डे पडतात त्यात ती आपटतात, मोटरसायकलचं सतरा इंची चाक तेच खड्डे बऱ्यापैकी पचवतं. दादाच्या जुन्या गाडीवर मार्चपासून शिकले, विदाऊट गिअरचं लायसन होतं त्यावर विथ गिअर करून घेतलं. एकशे साठ सीसीची घेतली, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे. लोन, कागद वगैरे काही त्रास नाही झाला.

त्रास झाला नंबरप्लेटचा.

गाडीचा नंबर तीन दिवस आधीच मेसेजवर आला होता. शोरूममधून फोन, मॅडम उद्या साडेदहाला या, सगळं तयार आहे. मी पहाटेची एसटी धरून सव्वादहाला हजर. गाडी समोर उभी, धुतलेली, आरशाला रिबीन बांधलेली, आणि पुढची प्लेट लावलेली. मागे जाऊन बघते तर मागची प्लेटच नाही! विचारलं तर म्हणाले येतीये, दहा मिनिटं. आता 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला ती हाय सिक्युरिटी प्लेट शोरूमनेच बसवून द्यायची असते, त्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हे मलाही माहीत आहे आणि नियम चांगला आहे, मी त्यावर भांडत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की प्लेट आली नव्हती तर मला बोलावलं का?

साडेअकराला परत विचारलं, दहा मिनिटं. साडेबाराला काउंटरवरची मुलगी म्हणाली प्लेट आलीये पण बसवणारा माणूस जेवायला गेलाय. दीडला तो आला तर म्हणे प्लेट आलीच नाही, दुसऱ्याच गाडीची होती. मी मॅनेजरना म्हटलं मला घाट चढून जायचंय, आभाळ भरून आलंय, खरं काय ते सांगा, उद्या येते हवं तर. ते म्हणाले अहो मॅडम पोरगा निघालाय प्लेट घेऊन, आता पोचेल. हे तीन वेळा ऐकलं. मधे माझ्यानंतर आलेले दोघं गाड्या घेऊन, पेढे वाटून निघून गेले. मी काचेतून रस्त्याकडे बघत बसलेली, तीन वाजता पहिली सर आली, मग ती थांबलीच नाही. सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू, कोणी एकदाही म्हणालं नाही की ताई आज होणार नाही. नाही म्हटलं असतं तर मी साडेअकराच्या एसटीने परत गेले असते. दर वेळी दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांपायी माणूस उठूही शकत नाही, जेवायलाही जाऊ शकत नाही.

पावणेपाचला प्लेट आली. दोन लॉक खटखट ठोकले, दोन मिनिटांचं काम. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, फोटो. पाच वाजता मी गेटच्या बाहेर.

म्हणून जे कोणी गाडी घेणार आहेत त्यांना हात जोडून सांगते, निघण्याआधी दोन्ही प्लेट लावलेल्या गाडीचा फोटो व्हॉट्सअपवर मागवा, पुढून एक, मागून एक. फोटो आल्याशिवाय घर सोडू नका. आणि पावसाळ्यात दुपारी दोनच्या आत गाडी हातात पडली नाही तर सरळ उद्या येते म्हणा, गाडी कुठे पळून जात नाही.

शोरूमने जे हेल्मेट दिलं त्याची काच काळी. संध्याकाळी पावसात काळ्या काचेतून काय दिसणार? मी दादाच्या सांगण्यावरून पांढऱ्या काचेचं आधीच घेऊन ठेवलं होतं आणि एसटीत मांडीवर ठेवून नेलं होतं, नाहीतर त्या दिवशी काही खरं नव्हतं.

पेट्रोल शोरूमवाले पंपापर्यंत जाण्याएवढंच टाकतात, ते आधी भरलं. मग हायवे. वाढे फाटा, लिंब खिंड, मी डाव्या कडेने पन्नासच्या आत. नवीन इंजिन तसंही ताणायचं नसतं, पण खरं कारण टायर. नव्या टायरला कारखान्यातून आलेला एक गुळगुळीतपणा असतो, पहिले शे-दीडशे किलोमीटर त्याची पकड पूर्ण येत नाही, आणि माझे पहिले पन्नास किलोमीटरच ओल्या रस्त्यावर. वळणात गाडी फार कलवायची नाही, ब्रेक आधीपासून हळूहळू, दोन्ही एकत्र. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलाच्या लोखंडी जोडावर ब्रेक मारायचाच नाही, ओल्यात तिथे चाक साबणासारखं सटकतं. ट्रक शेजारून गेला की अंगावर पाण्याची भिंतच येते आणि दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, तेव्हा घाबरून ब्रेक दाबू नका, हँडल सरळ धरा, थ्रॉटल, म्हणजे उजव्या हाताची मूठ, आहे तसाच ठेवा, पाणी जातं.

आनेवाडी टोलनाका ओलांडल्यावर मला वाटायला लागलं की गाडी नुसती उडतीये. लहानशा खडबडीत पॅचवरही चाक टणटण उड्या मारत होतं. पाचवडला पंक्चरच्या दुकानात थांबले. चाचांनी गेज लावला, पुढच्या चाकात 38, हवी होती 25! मागच्यात 42, हवी 29. म्हणाले, बेटा, गाड्या ट्रकमधून येतात तेव्हा हवा जास्त भरलेली असते, शोरूमने उतरवायची असते. साडेसहा तास गाडी त्यांच्या दारात उभी होती हो! साडेसहा तासांत हवा बघायला एक माणूस मिळाला नाही. चाचांनी हवा कमी केली, पैसे घेईनात, म्हणाले नवी गाडी आहे. तिथून पुढे गाडी रस्ता धरून चालायला लागली, फरक लगेच कळला. हवेचा आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, स्टिकरला लिहिलेला असतो, बघून घ्या.

वाईत आईकडे पोचले तेव्हा साडेसहा झाले होते. आई म्हणाली राहा आजची रात्र, सकाळी जा. पण सकाळी सहाची ड्युटी, आणि खालून बघितलं तर घाट अर्धा तरी मोकळा दिसत होता. आईने भांडी घासायचा साबण दिला, तो कोरडाच चष्म्याला आणि हेल्मेटच्या काचेला आतून चोळून मऊ फडक्याने पुसला. चष्मेवाल्यांनी हे कराच, श्वासाची वाफ धरत नाही. तरी काच एक खाच उघडी ठेवावी लागतेच. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली तर पाणी थेट बुटात, हे मी लिंब खिंडीतच शिकले होते. हातमोजे तोवर चिंब झालेले, आईचे धुण्याचे रबरी मोजे घालून वर तेच ओले मोजे चढवले, बोटं शेवटपर्यंत गरम राहिली.

पसरणी गाव सुटलं आणि पहिली चार वळणं छान गेली. खाली धोमचं पाणी राखाडी दिसत होतं. मग एका वळणावर वरून धुकं असं आलं की पडदा ओढावा तसं, आणि मला माझ्या गाडीचं पुढचं चाक तेवढं दिसत होतं. मी आधी अप्पर लावला, तर समोर नुसती पांढरी भिंत, उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यात. डिप्परवर आणल्यावर निदान दहा-बारा फूट रस्ता दिसायला लागला. धुक्यात डिप्परच. दुसरा गिअर, क्लच सोडलेला, एका लयीत. डावीकडे कठडा आहे की दरी तेही कळेना. छातीत नुसतं धडधडत होतं आणि मी मोठ्याने गाडीशी बोलत होते, चल बाई, चल बाई.

बुवासाहेबांच्या देवळापाशी दिवा दिसला तिथे रस्त्यापासून पूर्ण आत घेऊन थांबले. गाडी बंद केली. पावसाचा आवाज आणि इंजिनवर थेंब पडून होणारा चर्र चर्र, बाकी काही नाही. मनात आलं दादाला फोन करावा, पण तो येणार कुठून, त्याच धुक्यातून ना. पाच-सात मिनिटं गेली असतील. खालून घरघर ऐकू आली, महाबळेश्वरला जाणारी एसटी. ती देवळापाशी हळू झाली, ड्रायव्हरकाकांनी खिडकी सरकवून विचारलं,

"ताई, गाडी बंद पडली काय?"

"नाही काका, दिसत नाहीये काही. भिलारला जायचंय."

"मग या की मागं मागं. लाल दिवे सोडू नका, पण चिकटू बी नका. मी हळूच घेतो."

आणि त्यांनी खरंच हळू घेतली. मी साधारण दोन गाड्यांच्या अंतरावर, ते दोन लाल ठिपके धरून. वळण आलं की ठिपके आधी डावीकडे सरकायचे, मग मी. एका ठिकाणी काकांनी ब्रेक तीनदा टपटप लावला, समोर रस्त्यावर दगड आलेले, ते चुकवून गेले, मागून मीही. एसटी चुकते म्हणून मी गाडी घेतली आणि त्या दिवशी एसटीनेच मला घाट चढवला. काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, खूप खूप आभार.

वर दांडेघर नाक्याला दुकानांचे दिवे दिसले आणि माझ्या खांद्यातला ताठपणा एकदम उतरला, तेव्हा कळलं की मी हँडल किती आवळून धरलं होतं. हात दुखेपर्यंत असं आवळू नका, कोपर ढिले ठेवा, ओल्या रस्त्यावर गाडी थोडी हलतेच, तिला हलू द्यावं लागतं. पाचगणी ते भिलार फाटा एसटीच्या मागेच. फाट्याला मी वळले, काकांनी दोनदा हॉर्न दिला.

घरी पोचले आठ दहाला. सासूबाई कंदील घेऊन पडवीत उभ्या, लाईट गेलेली. त्यांनी आधी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, मग गाडीवरून, आणि म्हणाल्या, एकटीने आणलीस? मी म्हटलं हो, एकटीने. हेल्मेट काढेपर्यंत त्यांनी कंदील वर धरून सगळी गाडी फिरून बघितली, मागच्या प्लेटवरचा चिखल पदराने पुसला आणि नंबर मोठ्याने वाचला.

चेनला तेल मात्र दुसऱ्या दिवशी लगेच लावा, मी दोन दिवस विसरले आणि तेवढ्यात गंजाची तांबूस रेघ आली होती.