सातपुड्याच्या नद्या पायथ्याशी कुठे जातात?

डिसेंबरनंतर यावल-रावेर भागात नकाशा घेऊन फिरलात, तर कागदावर निळी रेघ दिसते आणि जागेवर नुसते गोटे. सुकी, मोर, गुळी, अनेर, अरुणावती, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. डोंगरात, पाल गावाच्या बाजूला, कपारीतून अजून पाणी झिरपत असतं. पायथा ओलांडला की पात्र कोरडं. मग 'नदी मेली' असं म्हटलं जातं. वर बांधलेली धरणं, तुटलेलं जंगल आणि बेसुमार उपसा ही कारणं खरी आहेतच. पण पायथ्याशी पाणी जमिनीत गडप होणं हा या नद्यांचा मूळचा स्वभाव आहे. तो समजून न घेता बांधलेला बंधारा आणि खोदलेली विहीर, दोन्ही वाया जातात.

तापी वाहते ती जमीन खचून तयार झालेल्या लांबट खोलगट पट्ट्यातून. उत्तरेला सातपुडा भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी भूस्तरभंग आहे, म्हणजे एका बाजूचा खडक वर राहिला आणि दुसरी बाजू खाली बसली. खाली बसलेल्या बाजूवर लाखो वर्षं गाळ साचत गेला. डोंगरातली नदी तीव्र उतारावरून हातात न मावणारे दगड लोटत आणते. पायथ्याशी उतार एकदम मोडतो, पाण्याचा जोर संपतो आणि ती ओझं तिथेच टाकते. आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग भरड वाळू, आणि तापीजवळ पोचेपर्यंत उरते ती बारीक माती. शेजारशेजारच्या नद्यांचे असे पंख्यासारखे पसरलेले ढीग, म्हणजे पंखे, एकमेकांत मिसळून पायथ्याला दगडगोट्यांचा सलग पट्टा झाला आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. हिवाळी प्रवाह या पट्ट्यात शिरला की बघता बघता आटतो. ते पाणी खालच्या वाळूच्या थरांतून तापीच्या दिशेने सरकतं आणि वाटेतल्या केळीच्या विहिरींना मिळतं.

दक्षिणेकडच्या नद्यांचं वागणं अगदी वेगळं. गिरणा, पांझरा सह्याद्रीतून येतात, वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून. त्या लांब आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी पात्रात उघडा काळा खडक आहे. खडकावर बंधारा टिकतो आणि पाणी खाली पळत नाही. पांझरेवरची फड पद्धत तिथे रुजली त्याचं मोठं कारण हेच: नदीत बुटका दगडी बंधारा, बाजूने पाट, आणि पाटाखाली एका फडात सगळ्यांचं एकच पीक. तीच रचना सुकीच्या गोट्यांत करून बघा, भिंतीखालून पाणी निघून जाईल. पिंपळनेरकडून येणारी पांझरा धुळ्यापर्यंत पूर्वेला वाहते, पुढे डोंगररांगेतल्या खिंडीतून उत्तरेला वळून मुडावदला तापीला मिळते. हे वळण जागेवर जाऊन पाहण्यासारखं आहे. पूर्णेचा प्रकार तिसराच, ती खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या प्रदेशातून, चांगदेवला तापीला येऊन मिळते.

सातपुड्याच्या नद्यांचा पूर हा स्वतंत्र विषय. मैदानात ऊन असतं आणि डोंगरात ढग फुटलेला असतो. पाणलोट लहान, उतार उभा, त्यामुळे लोंढा तासा-दोन तासांत पायथ्याला येतो. खूण आधी मिळते: पाणी एकाएकी गढूळ होतं, काटक्या, पालापाचोळा आणि फेस वाहत येतो, मग दगडांवर दगड आपटल्याचा घरघराट ऐकू येतो. एवढं झाल्यावर पात्रात बैलगाडी, ट्रॅक्टर, गुरं काहीही उतरवू नये. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं, कारण पायाखालचे गोटेही सरकत असतात. फरशी पूल तर पाणी ओसरल्यावर जास्त फसवतात. झाडाच्या फांद्या अडकून पुलाचे पाइप तुंबतात, पाणी कडेने वाट काढतं आणि भराव खालून पोखरतं. वरचं डांबर शाबूत दिसतं, खाली पोकळी. पूर उतरल्यावर आधी पायी जाऊन प्रवाहाच्या खालच्या अंगाची कड पाहावी, मगच गाडी घालावी.

नदीने कापलेला उभा काठ म्हणजे फुकटात मिळालेला भूजल-नकाशा. वर हात-दोन हात काळी, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेली पिवळी माती, मध्ये मध्ये गोट्यांचे पट्टे. या पट्ट्यांतले चपटे गोटे नीट पाहा. ते एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतो. आज नदी दुसरीकडून वाहत असली तरी जुना प्रवाह कुठून कुठे जात होता ते यावरून कळतं. असा जुना, बुजलेला प्रवाह शेताखालून गेला असेल तर विहिरीची जागा तीच. पिवळ्या मातीतून पाणी फारसं जात नाही. तिच्यात विहीर कितीही रुंद केली तरी खालचा वाळूचा थर लागेपर्यंत झरा फुटत नाही. उलट अगदी पायथ्याशी, धोंड्यांत, बोअर घेणं जिकिरीचं. छिद्र ढासळतं, म्हणून केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, खोलवर घालावी लागते, आणि उन्हाळ्यात पातळीही खूप खाली असते. पंख्याचा मधला भाग सर्वांत भरवशाचा.

पाणी जमिनीत मुरवण्याची, म्हणजे पुनर्भरणाची कामं करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तळे किंवा बंधारा बझाड्याच्या वरच्या अर्ध्या भागात घ्या. दोन-तीन ठिकाणी पुरुषभर खड्डे घेऊन खाली गोटे आहेत की पिवळी, ते आधी पाहा. पिवळी लागली तर तिथे पाणी दिसेल छान, पण ते मुरायच्या आधी उन्हाने उडून जाईल. शिरपूर तालुक्यात नाले खोल आणि रुंद करण्याची जी कामं झाली, त्यांत गाळाच्या प्रदेशात ही पिवळी भेदून खालच्या वाळूपर्यंत जाण्यावर भर होता, आणि त्या भूगोलाला ते धरून आहे. मात्र थेट पुराचं गढूळ पाणी शोषखड्ड्यात सोडू नये. एकाच हंगामात बारीक गाळ गोट्यांच्या फटींत बसतो आणि खड्डा हौद होतो. आधी गाळ बसवायला छोटं डबकं हवं. खड्ड्यात खाली मोठे दगड, मधे खडी, वर फूटभर जाड वाळू, आणि ही वरची वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायची किंवा बदलायची. तळ्यातला गाळही मे महिन्यातच, पूर्ण वाळून भेगा पडल्यावर काढावा. गाळाची साय तेवढी उचलायची आणि खालच्या गोट्यांना पोकलेनचा दात लागला की थांबायचं.