विसार देण्याआधी संडासाचं पाणी कुठे जातं ते पाहिलं

दापोली तालुक्यात सुट्टीला जाऊन राहण्यासाठी छोटं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही फक्त बिनशेती प्लॉट आणि तयार घरंच बघत होतो. दोघांच्याही नावावर शेती नाही, आणि 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मोजणीचा नकाशा, रस्त्याचा हक्क, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, समुद्र जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची रेषा हे सगळं वकिलाने नीट बघून दिलं. सांडपाण्याचं आम्हालाच बघावं लागलं, म्हणून त्यावरच लिहिते.

पहिलं घर मन ओढून घेणारं होतं. चिऱ्याचं, कौलारू, मागे आंब्या-काजूची झाडं. संडासाच्या टाकीबद्दल विचारलं तर एजंट कौतुकाने म्हणाला, "मॅडम, दहा वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." मी तिथेच सावध झाले. पक्क्या टाकीत गाळ साठतोच आणि दोन-तीन वर्षांनी तो काढावा लागतो. जी कधीच भरत नाही ती जमिनीत झिरपत असते. झाकण काढायला लावलं. आत चिरे नुसते एकावर एक रचलेले, प्लास्टर नाही, तळाला काँक्रीट नाही, मधली भिंत नाही. घरातला सगळा मैला थेट जांभ्यात उतरत होता.

खाली उतारावर शेजाऱ्यांची विहीर. टेप धरून मोजलं, 11 मीटर भरले. भारतीय मानक 2470 प्रमाणे शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवण्याचा खड्डा, पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर लांब हवा. त्यात जांभा म्हणजे भेगा आणि पोकळ्यांचा दगड. मातीतून जाताना पाणी गाळलं जातं, भेगेतून ते तसंच्या तसं पुढे जातं. शेजारच्या काकू पाणी भरायला आल्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पावसाळ्यात जरा वास येतो, मग टीसीएल टाकतो आम्ही." टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. त्यांच्या घरात लहान मूल होतं. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेत द्या, असं त्यांना आणि घरमालकांनाही स्पष्ट सांगितलं. नवी टाकी बांधायला त्या जागेत विहिरीपासून पुरेसं अंतर कुठूनच मिळत नव्हतं. घर सोडलं. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

पुढे जो प्लॉट घेतला तो अर्धा कातळ आणि अर्धी माती असा आहे. कातळावरून दिसणारं दृश्य सुंदर, पण तिथे शोषखड्डा करून पाणी जिरणार कुठे? म्हणून खालच्या मातीच्या बाजूला पाणी जिरण्याची चाचणी घेतली. ही चाचणी कुणालाही करता येते. शोषखड्डा जेवढा खोल जाणार तेवढा एक छोटा चौकोनी खड्डा खणायचा, तळाला दोन इंच खडी घालायची आणि भरपूर पाणी ओतून माती रात्रभर मुरू द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरून पट्टी उभी करायची आणि पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. 30 मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. 30 ते 60 मिनिटं लागली तर लांब चर खणून त्यात पाणी पसरवावं लागतं. त्याहून जास्त लागली तर ती जमीन या कामाची नाही. आमचं 12 मिनिटांत उतरलं. गवंडीदादा आधी "कशाला हे" म्हणत होते, नंतर तेच घड्याळ धरून बसले.

तरीही विसार दिला नाही. ही चाचणी उन्हाळ्यातली होती, आणि दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एप्रिलमध्ये तळाला गेलेली विहीर श्रावणात काठोकाठ येऊ शकते, आणि जमिनीतलं पाणी खड्ड्याच्या तळापर्यंत चढलं तर सांडपाणी जिरत नाही, उलट विहिरीकडे सरकतं. म्हणून श्रावणात पुन्हा जाऊन आसपासच्या विहिरींची पातळी पाहिली. ती खड्ड्याच्या तळापेक्षा खाली होती, तेव्हा व्यवहार केला.

परवानगीचं सांगायचं तर आपल्याकडे टाकीसाठी वेगळा अर्ज नसतो, ती बांधकामाच्या नकाशातच दाखवायची असते. प्लॉट गावठाणाबाहेर असल्यामुळे आमचा प्रस्ताव नगर रचना कार्यालयाकडे गेला. एक त्रुटी निघाली: नकाशावर आमची बोअरवेल होती, शेजारच्यांची विहीर नव्हती. खरं तर हा प्रश्न प्रत्येक फाईलवर विचारला जायला हवा. आर्किटेक्टने हद्दीबाहेरची विहीर अंतरासह दाखवली आणि मंजुरी आली.

टाकी बांधताना मी तिथे थांबले. किमान एक मीटर पाण्याची खोली, 75 सेंटिमीटर रुंदी, मधली भिंत, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T आकाराचा जोड), हवेसाठी उंच पाइप. माती लोटण्याआधी टाकी पाण्याने भरली, पातळीवर खडूने रेघ मारली आणि रात्र जाऊ दिली. रेघ आणि पाणी सकाळी जुळलं, तेव्हाच पुढचे पैसे दिले.

राहिला उपसा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणसं मरतात, त्यामुळे टँकर दारापर्यंत येईल एवढा रस्ता आणि पाइप पोचेल अशी झाकणाची जागा आधीच ठरवली. वाई आणि सिन्नरसारख्या नगरपालिकांनी ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसायची पद्धत सुरू केली आहे. खेड्यात आपल्यालाच टँकर शोधावा लागतो. दर विचारण्याआधी मैला कुठे रिकामा करता हे विचारा, आणि उत्तरात एखाद्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं नाव आलं तर दुसरा टँकर शोधा.