वीणा खाली ठेवत नाहीत

वारीत अक्काच्या डाव्या हाताला चालायचं, हा आमच्यातला जुना नियम. तिचा उजवा कान लहानपणीच गेला. उजवीकडून कुणी कितीही 'माऊली, माऊली' करून हाका मारल्या तरी ती आपली सरळ पुढं जात राहते. लोकांना वाटतं, बाई भारीच नामात रंगलीय. एका वर्षी दुसऱ्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्यानं तर तिचे पायच धरले होते. ते सांगताना अक्काला अजून हसू आवरत नाही.

ही गोष्ट 2023 च्या आषाढीची. आमची दिंडी छोटी, केज तालुक्यातल्या एका गावची. साठ-सत्तर माणसं, सामानाचा एक टेम्पो, पुढं पताका, मधे वीणा, मागं तुळशीवाल्या बाया. मोठ्या पालखीला आम्ही जोडलेलो नाही. केज, कळंब, ढोकी, तेर, धाराशिव आणि मग घाटाखाली सोलापूर जिल्हा, अशी आमची वाट ठरलेली. त्या वर्षी पाऊस लांबला होता. मृग कोरडा गेला. दोन्ही बाजूंना नांगरून, पाळी घालून ठेवलेली काळी रानं तोंड उघडून पडलेली, आणि वाटेत भेटेल तो शेतकरी दर्शन घेऊन झाल्यावर पहिल्यांदा आभाळाकडंच बघायचा.

दुसऱ्या मुक्कामाला शाळेच्या मैदानात कीर्तन होतं. बुवा तरुण, आवाज खडा. त्यांनी चिलया बाळाचं आख्यान लावलं. कांती नगरीचा श्रियाळ राजा, राणी चांगुणा. दारातून अतिथी विन्मुख जाऊ द्यायचा नाही हे त्यांचं व्रत. शंकर ओंगळ गोसाव्याच्या रूपात येतो आणि जेवायला एकुलत्या एका लेकराचं मांस मागतो. शाळेतून चिलयाला बोलावून आणतात. आई रांधते, शिर तेवढं, मागाहून तोंड बघायला म्हणून, लपवून ठेवते. अतिथी तेच मागतो, आणि अट घालतो की उखळात कांड, पण डोळ्यांत पाणी येता कामा नये. चांगुणा गात गात कांडते. वर तो म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो.

लहानपणी आजीच्या शिवलीलामृताच्या पारायणात हे ऐकलं होतं, पण कीर्तनात ते वेगळंच अंगावर येतं. मुसळाचा ठेका बुवांनी पखवाजावर उतरवला आणि बाया पदर तोंडात धरून रडायला लागल्या. मग बुवांनी अर्थ सोडवला: मूल म्हणजे मोह, उखळ म्हणजे प्रपंच, मुसळ म्हणजे नाम. मला असले अर्थ फारसे पटत नाहीत. लेकराच्या डोक्याचा 'मोह' करून टाकला की ऐकणारा सुटतो, बोलणारा सुटतो, लेकरू मात्र उखळातच राहतं.

सकाळी वाटेला लागल्यावर आमच्यातल्या एका थोराड मावशींनी विषय काढला. "देवाला भूकच लागली व्हती तर भाकर मागावी. लेकरू कामून मागतो?" दहा पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "आन् कांडायला चांगुणाच कामून? राजाला मुसळ धरता येत नव्हतं व्हय?" बाया खळखळून हसल्या. बुवांचं तासाभराचं निरूपण या दोन प्रश्नांनी एका झटक्यात धुऊन काढलं, असं मी तरी मानतो.

मी जालन्याला शाळेत इतिहास शिकवतो. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. त्या बाजूचा माझा एक सहकारी आहे, त्यानं मला मराठी बायबल दिलं आणि म्हणाला, उत्पत्तीचा 22 वा अध्याय वाच आणि मग मला सांग. मी वाचला. देव अब्राहामाला म्हणतो, तुझा लाडका मुलगा इसहाक घेऊन मोरिया देशात जा आणि त्याचं होमार्पण कर. तिसऱ्या दिवशी ती जागा दिसते. बाप लाकडं मुलाच्याच पाठीवर देतो. मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठं आहे? बाप म्हणतो, देव पाहून देईल. सुरी उचलेपर्यंत बाप थांबत नाही. मग हाक येते, झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो, आणि मुलाच्या जागी तो जातो.

मला खटकलं ते वेगळंच. चारच अध्याय मागं हाच अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, असं करत तो देवाला दहावर आणतो. केजच्या बाजारात बैलाचा सौदा करावा तसा. परक्या गावासाठी जो एवढा भांडला, तो स्वतःच्या लेकरासाठी एक शब्द बोलत नाही. आणि डोंगरावरून उतरल्यावर त्या बापलेकाचं एकमेकांशी पुन्हा बोलणं झाल्याचं त्या पुस्तकात कुठंही नाही. पुढच्या अध्यायात आई सारा वारते, बस्स. त्याच बायबलात शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताहची गोष्ट आहे. लढाई जिंकली तर घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते अर्पण करीन असा नवस तो बोलतो, आणि डफ वाजवत, नाचत बाहेर येते ती त्याची एकुलती एक लेक. तिथं कुणी हात धरत नाही, झुडपात एडकाही सापडत नाही. मुलगी होती ना.

मांजरा ओलांडली. नदी म्हणायची ती नावाला, वाळूतून एखादी धार. कळंबच्या अलीकडं एका वस्तीवर दरवर्षी एक चाचा आमच्यासाठी पाण्याचे रांजण भरून ठेवतात, वर चहा. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला, आली होती. मराठवाड्यात बऱ्याच गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं ठरवलं होतं. चाचांच्या गावानंही ठरवलं होतं.

मी विचारलं, "चालतं का तसं?"

"हुकूम तीन दिवसांचा हाये, माऊली," चाचा म्हणाले. "आमच्या जिलहिज महिन्याची धा, अकरा, बारा तारीख. अल्लानं एवढी सोय ठेवली, ती कधीतरी कामाला नको का यायला?"

मग चिलयाचा विषय निघाला, कारण मावशींच्या डोक्यातून तो गेलाच नव्हता. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हजरत इब्राहीमनं लेकराला आधी विचारलं व्हतं. सपान पडलं ते सांगितलं. म्हनले, बघ, तुझं काय म्हननं हाये? लेकरू बोललं, अब्बा, हुकूम असंल तसं करा." हे मी नंतर ताडून पाहिलं. कुराणाच्या 37 व्या सूरेत, 102 व्या आयतीत ते तसंच आहे. तिथं मुलाचं नाव नाही. मुसलमान परंपरा बहुतेक इस्माईल मानते. आणि 22 व्या सूरेत तर स्पष्टच म्हटलंय की जनावराचं मांस आणि रक्त अल्लापर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची भक्ती.

विचारलं म्हणजे झालं का, हा प्रश्न उरतोच. बापानं सुरी कंबरेला लावून विचारलेलं विचारणं लेकराला नाही म्हणू देतं का? पण न विचारण्यापेक्षा ते बरं, एवढं मला त्या रांजणांपाशी वाटलं. चहा फार गोड होता.

ढोकीच्या वाटेवर ऊन्हानं बोलणंच बंद झालं होतं, तर आमच्यातला एक पोरगा म्हणाला, सर, अजून एखादी गोष्ट सांगा. हा पोरगा बायकोसह ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत कारखान्याच्या फडावर. लेकरं एक वर्ष आजीपाशी, एक वर्ष पाचटात. त्याला मी ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची गोष्ट सांगितली. हरिश्चंद्रानं वरुणाला नवस केला: मुलगा दे, तो तुलाच अर्पण करीन. मुलगा झाला, रोहित. मग राजाचं आज नको उद्या सुरू झालं. दात येऊ देत, ते पडू देत, हत्यार धरण्याइतका होऊ दे. शेवटी रोहित रानात पळाला आणि राजाला जलोदर झाला. रानात अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण भेटतो, त्याला तीन मुलं. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला जातो, राजपुत्राच्या जागी. यूपाला, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबाला, बांधायला कुणी पुढं येईना, तर अजीगर्त म्हणतो, आणखी शंभर द्या, मी बांधतो. मारायला कुणी तयार होईना, तर आणखी शंभर. बाप सुरी पाजळत येतो.

"म्हंजी उचल घेतली म्हना की," पोरगा म्हणाला.

मी गप्पच झालो. वीस वर्षं मी ही गोष्ट वाचतोय, पण हा शब्द मला सुचला नव्हता.

शुनःशेप देवांची स्तुती करतो आणि त्याचे पाश गळून पडतात. मग अजीगर्त पुढं होऊन म्हणतो, चल बाळा, घरी. आणि पोरगा, माझ्या माहितीत या सगळ्या गोष्टींमधला एकटाच, बापाला तोंडावर सांगतो की माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई मोठ्या वाटल्या, मी येत नाही. विश्वामित्र त्याला आपला थोरला मुलगा मानून घेतो.

तेरला पोचायला संध्याकाळ झाली. गोरोबाकाकांचं मंदिर तेरणेच्या काठावर. हरिपाठ झाला, पंगत बसली. पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. नंतर अक्का आणि मी नदीकडच्या बाजूला बसलो. गोरोबाकाकांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. माती तुडवताना नामात इतके गुंगले की रांगत आलेलं लेकरू पायाखाली चिखलात गेलं तरी कळलं नाही. पुढं पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात, त्यांनी स्वतःच तोडून घेतलेले हात परत आले, लेकरू रांगत आलं. इथं देवानं काही मागितलं नव्हतं, हे मी अक्काला म्हणालो. ना स्वप्न, ना अतिथी, ना नवस. विठ्ठलाला लेकरू नको होतं. फक्त बापाचं लक्ष नव्हतं.

अक्का बराच वेळ नदीकडं बघत होती. मग म्हणाली, "अण्णांचं म्हणतोस?"

होय, अण्णांचंच म्हणत होतो. 1977 चा आषाढ. अक्का नऊ वर्षांची, मी सहा. तिला मुदतीचा ताप. दिंडी निघायच्या दिवशी ती बरळत होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दिंडीचे विणेकरी, त्यांच्या आधी आजोबा विणेकरी. आई दारात आडवी उभी राहिल्याचं मला आठवतं आणि अण्णांचा आवाजही आठवतो: "वीणा खाली ठेवत नाहीत." ते गेले. आईनं शेजाऱ्याची बैलगाडी मागितली आणि अक्काला अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नेलं. अक्का वाचली. कान गेला.

अण्णा खोटं बोलले नव्हते. वीणा जमिनीवर टेकवत नाहीत, हा नियमच आहे. पण ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात देतात, दिवसातून कितीदा तरी देतात, आणि त्या दिवशी अंगणात घ्यायला चाळीस माणसं उभी होती. नाथांनी काशीची कावड रामेश्वराला पोचायच्या आधी तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट अण्णा स्वतः रंगवून सांगायचे. त्या वेळी ती त्यांना का आठवली नाही, हे विचारायचं माझं राहून गेलं. ते 2004 साली गेले. एवढं मात्र पाहिलंय की 1977 च्या पुढच्या वर्षापासून त्यांनी वीणा घेतली नाही. टाळ घेऊन मागच्या ओळीत चालायचे. कुणी विचारलं तर, खांदा दुखतो म्हणायचे.

"तुला राग नाही येत?" मी विचारलं.

"लई यायचा," अक्का म्हणाली. "लगीन झाल्यावर तर जास्तच. सासू उजव्या बाजूनं बोलायची, मला ऐकू यायचं नाही, मग तिला वाटायचं मी मुद्दाम करते." तिनं पायाच्या फोडाला कोकम तेल लावलं. "वारीवरून आले तवा मी खाटंवरच होते. बुक्का लावला मला. मग खाली वाकले आन् कानात कायतरी बोलायला लागले. लई वेळ बोलत व्हते. दाढी टोचत व्हती."

"काय म्हणाले?"

"उजव्या कानात बोलले रे."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"कान गेलाय हे कुणाला ठावंच नव्हतं तवर. मलाच दोन दिसांखाली कळलं व्हतं, आईला बी सांगितलं नव्हतं. परत सांगा म्हनलं असतं तर त्यांना कळलं असतं." तिनं डबीचं झाकण लावलं. "मी आपली मान हलवली."

मंदिरात भजनाला तोंड लागलं होतं. अक्का उठली आणि अंधारात पायानं चपला चाचपू लागली.