हॅसलब्लाडची जुनी बॅक घेण्याआधी मागची बाजू बघा

जुन्या हॅसलब्लाड फिल्म कॅमेऱ्याच्या जाहिरातीत बॅकबद्दल (कॅमेऱ्याच्या मागे लावायचा, फिल्म भरायचा सुटा डबा) बहुतेक वेळा एवढंच असतं: "१२० बॅक, चालू स्थितीत." (१२० हा फिल्म रोलचा प्रकार.) सोबत एकच फोटो, तोही बॉडीला लावलेला, समोरून घेतलेला. त्यावरून काहीही कळत नाही. विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: बॅकची पाठ, क्रँकची (फिल्म पुढे सरकवायच्या दांड्याची) बाजू, बाहेर काढलेला इन्सर्ट (फिल्म धरणारा आतला भाग) आणि डार्क स्लाइड (फिल्मसमोर सरकवायची, उजेड अडवणारी पातळ पट्टी). द्यायला कुरकुर करत असेल तर तिथेच थांबा.

आधी पाठ बघा. मागे झाकण असलेली छोटी गोल खिडकी दिसली तर ती नुसती "१२", ए-१२ नव्हे. या बॅकमध्ये रोल भरल्यावर खिडकी उघडून, फिल्मच्या कागदावरचा १ चा आकडा दिसेपर्यंत क्रँक फिरवायचा, झाकण लावायचं आणि मग काउंटर १ वर आणायचा. ए-१२ ला ही खिडकी नसते. तिच्यात कागदावरचा बाण इन्सर्टवरच्या खुणेशी जुळवायचा, इन्सर्ट आत सारायचा आणि क्रँक साधारण दहा वेढे फिरवायचा. पहिल्या फ्रेमवर तो आपोआप अडतो. नुसती १२ वाईट नाही. ती स्वस्त मिळते आणि फोटोही तसेच येतात. फक्त ए-१२ च्या भावात ती घेऊ नका, आणि खिडकीचं झाकण घट्ट बसतंय ना ते बघा, नाहीतर उजेड थेट कागदावर पडतो.

आता आकडे. ए-१२ म्हणजे १२० रोलवर ६×६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम. ए-१६ वर त्याच रोलमध्ये सोळा, पण ६×४.५ आकाराच्या. ए-१६एस हे नाव फसवं: त्यातही फ्रेम सोळाच, पण आकार ४×४. घाईत एक अक्षर नजरेतून सुटलं की चौकोनी निगेटिव्हऐवजी छोटा तुकडा हाती येतो. ए-२४ ही २२० रोलसाठी. तो रोल दुप्पट लांब असतो आणि त्याला फक्त दोन्ही टोकांना कागद असतो, मधे नाही. म्हणून बॅकमधल्या प्रेशर प्लेटचं (फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पत्र्याचं) अंतर वेगळं असतं. २२० आता सहजी मिळत नाही, त्यामुळे ए-२४ स्वस्तात निघते. बरेच जण तिच्यात १२० वापरतात आणि काम भागतं, पण बाराव्या फ्रेमनंतर बॅक तुम्हाला थांबवणार नाही. मोजणी तुमची तुम्हीच ठेवायची.

ई-१२ वर फिल्म स्पीडची डायल आणि विजेचे संपर्कबिंदू असतात. त्यांचा उपयोग हॅसलब्लाडच्या २०० मालिकेतल्या, उजेड मोजणारा मीटर असलेल्या बॉडींना. ५०० मालिकेच्या बॉडीवर ती साध्या बॅकसारखीच चालते, मग जास्तीचे पैसे कशाला?

वय काढायचं तर सिरियल नंबरमधली दोन अक्षरं बघा. "व्हीएचपिक्चर्स" हा शब्द त्याची किल्ली आहे: व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९, एस ०. म्हणजे यूटी १९७६ ची, आरएच १९८२ ची, ईपी १९९३ ची. नव्या बॅकवर अक्षरांच्या आधी दोन अंकही असतात, ते सोडून वाचायचं. बॉडीचं आणि बॅकचं साल वेगळं निघालं तर घाबरू नका. हॅसलब्लाड वापरणारे आयुष्यभर बॅका अदलाबदल करत आलेत.

मात्र बाहेरचं कवच आणि आतला इन्सर्ट यांचं जुळलं पाहिजे. इन्सर्टवर कवचाच्या नंबरातले शेवटचे तीन अंक असतात. ते वेगळे असतील तर कोणीतरी कधीतरी जोडी मोडली आहे. अशी बॅक चालतच नाही असं नाही, पण भाव पाडून मागायला ते पुरेसं कारण आहे, आणि फ्रेममधली अंतरं तपासल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नये.

ती तपासायला वाया गेलेला एक रोल लागतो. भरा, १ वर आणा, बॉडीला लावा. डार्क स्लाइड घालून बॅक काढा, स्लाइड ओढा आणि चौकटीच्या कडेने फिल्मवर मार्करने चौकोन आखा. स्लाइड परत घाला, बॅक लावा, स्लाइड काढा, शटर दाबा, पुढे गुंडाळा. असं बारा वेळा. मग रोल उलगडून टेबलावर पसरा. चौकोनांमधली अंतरं थोडी कमीजास्त असतील तर चालेल. चौकोन एकमेकांवर चढले असतील तर गिअर झिजलेत. फक्त पहिलाच चौकोन भलत्या जागी असेल तर बहुधा बाण खुणेशी नीट जुळवला नव्हता.

याच वेळी बाजूची लाल-पांढरी खिडकीही बघून घ्या. शटर दाबल्यावर ती लाल व्हायला हवी, गुंडाळल्यावर पांढरी. बॉडी आणि बॅक दोन्हींवर एकच रंग असताना जोडावं. बॉडी कॉक केलेली (शटर दाबायला तयार, म्हणजे पांढरी) आणि बॅक लाल असेल तर एकाच फ्रेमवर दोन फोटो पडतात. उलट असेल तर एक कोरी फ्रेम वाया जाते.

लाइट लीकचं मूळ बहुतेकदा डार्क स्लाइडच्या फटीत असतं. तिथे फोमची पट्टी आणि पातळ प्लास्टिकची घडी असते. फोमचा कालांतराने चिकट भुगा होतो, घडी दबून सपाट होते. मग स्लाइड काढलेली असताना उजेड आत शिरतो आणि फ्रेमच्या नेहमी एकाच कडेला पट्टा उमटतो. पडताळणी सोपी आहे: इन्सर्ट आणि स्लाइड दोन्ही काढा, अंधाऱ्या खोलीत बाहेरून फटीवर टॉर्च धरा आणि आतून बघा. एक रेघही दिसता कामा नये. दिसली तरी बॅक टाकाऊ नव्हे, सील बदलून मिळतं. ते दोन्ही भाग नवे बसवा, नुसता फोम बदलून भागत नाही.

शेवटी स्लाइड. ती सोबत नसेल तर किंमत तेवढी कमी करून मागा, कारण स्लाइडशिवाय ही बॅक बॉडीपासून निघतच नाही. वाकलेली असेल तर घेऊ नका. वाकडी स्लाइड दर वेळी नवं सील घासत राहते.