किसुमू: तळं, गोगलगाई आणि ठणठणीत दिसणारी पोरं

केनियातल्या केरिचोचे चहाचे मळे संपले की रस्ता उतरायलाच लागतो. वर दोनेक हजार मीटरवर शाल घेऊन बसलेली ताई खाली कानोच्या मैदानात येईस्तोवर काच खाली करून पदराने वारा घेत होती. दाजी गाडी चालवत होते. ते मूळचे इस्लामपूरचे, साखर कारखान्यातले इंजिनिअर. केनिया-युगांडाच्या ऊसपट्ट्यात कोल्हापूर-सांगलीकडची माणसं बरीच भेटतात, त्यातलेच एक. उसाचे फड दिसायला लागले तसे म्हणाले, "हां, आता आपला मुलूख आला. आणि डासांचाही."

नैरोबीहून किसुमूला विमान पाऊण तासात पोचवतं, पण जायचं तर रस्त्यानेच जावं. नाहीतर अहेरो चुकतं. न्यांडो नदीचं पाणी पाटांनी खेळवून केलेली ही भातशेती. हिरवीगार खाचरं, बगळे, चिखलात अनवाणी उभी माणसं. फोटो काढायला उतरले, पण मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे नजर पाण्याकडेच गेली. भाताच्या उथळ, उन्हात तापलेल्या पाण्यात मलेरियाचे अ‍ॅनोफिलीस डास अंडी घालतात. पाटाच्या कडेच्या गवताला चिकटलेल्या चपट्या गोल गोगलगाई शिस्टोसोमा नावाच्या जंतांना आसरा देतात. आणि ओल्या मातीतून अंकुशकृमीची अळी तळपायात शिरते. तिन्ही दुखणी एकाच बांधावर!

किसुमू हे विक्टोरिया सरोवराकाठचं शहर. १९०१ साली रेल्वे इथवर आली तेव्हा याचं नाव पोर्ट फ्लोरेन्स होतं. रूळ टाकायला हिंदुस्थानातून मजूर आणले होते, मागोमाग गुजराती व्यापारीही आले, त्यामुळे जुन्या पेठेत अजून गुजराती पाट्या दिसतात. पेठेबद्दल इतकंच, कारण माझा वेळ गेला तळ्यावर.

दुंगा किनाऱ्यावर सकाळी होड्या लागतात. ओमेना म्हणजे बोटाएवढे चंदेरी मासे, जाळ्यांवर वाळत घातलेले. वास थेट आपल्या सुकटीचा. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि तिच्या मुळांशी पुन्हा त्याच गोगलगाई. शहराकडच्या काठाला पोरं तळ्यात गुडघाभर उभी राहून गाड्या धुतात. या गाडी धुणाऱ्यांची एक वेगळीच ख्याती आहे. गोगलगाईतून निघालेल्या अळ्या कातडीतून आत घुसतात आणि जंत मोठे होऊन आतड्याभोवतीच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षं नांदतात. रोज पाण्यात उभं राहणाऱ्या या लोकांना औषध दिलं तरी लागण पुन्हा व्हायची. पण काहींना पुन्हा पुन्हा औषध दिल्यावर ती व्हायची थांबली. शरीर हळूहळू प्रतिकार शिकत होतं. त्यावरचा अभ्यास २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातच असंही दिसलं की एचआयव्ही असलेल्यांना हा प्रतिकार तितकासा जमत नाही.

(हा रोग आपल्याकडे नाही असं वर्गात बिनधास्त सांगितलं जातं. १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याच जातकुळीच्या जंताची लागण माणसांत सापडली होती. गाडगीळ आणि शाह यांनी ती नोंदवली. भारतात माहीत असलेलं तेवढं एकच ठिकाण.)

मला खरं बघायचं होतं ते वेगळं. जंत आणि मलेरिया एकाच अंगात आले तर काय होतं? आणि ते त्या अंगापुरतंच राहतं, की गावालाही पोचतं?

ताईच्या ओळखीच्या एक नर्सबाई तळ्याजवळच्या छोट्या दवाखान्यात असतात. मी शिक्षिका म्हणून मला 'म्वालिमु' म्हणायच्या. त्यांच्याकडे बसले असताना एक आई तापाने फणफणलेलं तान्हं घेऊन आली. सोबत आठ-नऊ वर्षांचा थोरला, बाकड्यावर चढउतार करणारा. बाळाचं बोट टोचलं, पट्टीवर दोन रेघा आल्या, म्हणजे मलेरिया. बाईंनी मग थोरल्यालाही जवळ ओढलं आणि त्याचंही बोट टोचलं. त्यालाही दोन रेघा! आई म्हणाली, "याला कुठे ताप आहे?"

सगळी गोष्ट त्या पोरात आहे. पाच वर्षांखालची मुलं मलेरियाने मरतात, म्हणून औषधांचं आणि मच्छरदाण्यांचं लक्ष त्यांच्याकडे, आणि ते बरोबरच आहे. पण शाळकरी मुलांनी इतके मलेरिया पचवलेले असतात की रक्तात परजीवी असूनही ती हुंदडत असतात. घरात मच्छरदाणी एक असेल तर ती आई आणि बाळाला, थोरला बाहेर चटईवर. ताप नाही म्हणून औषध नाही. मग रक्तात परजीवीची नर-मादी रूपं तयार होतात. डासाला चावून उचलायची असतात ती हीच. २०२० च्या सरकारी पाहणीत केनियातल्या सरोवरपट्ट्यात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी १९ टक्क्यांच्या रक्तात मलेरिया सापडला, देशाची सरासरी ६ टक्के. आणि जंतांचा भारही सगळ्यात जास्त असतो तो याच शाळकरी वयात.

आता जंतांचं काम बघा. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात, पोर पांढुरकं पडतं. रक्त कमी असलेल्या रुग्णांत ती नर-मादी रूपं जास्त सापडतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. दुसरं म्हणजे, जंताला आत वर्षानुवर्षं राहायचं तर यजमानाची प्रतिकारशक्ती शांत ठेवावी लागते. मलेरियाशी लढायला लागते ती आक्रमक बाजू, आणि जंत शरीराला झुकवतात दुसऱ्या बाजूला. म्हणजे दोन शक्यता. एक तर मलेरिया जास्त वेळा होईल, नाहीतर होईल पण त्रास कमी देईल. ही दुसरी मला जास्त खोडसाळ वाटते. पोराला बरं वाटतं आणि डासाची चंगळ होते.

कागदावर हे झकास बसतं. प्रत्यक्षात आकडे एकमेकांशी भांडतात. सेनेगलमध्ये जंत असलेल्या मुलांना मलेरिया जास्त वेळा झाला. मालीमध्ये मूत्राशयाचा शिस्टोसोमा असलेल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांना उलट तो उशिरा आणि कमी वेळा झाला. थायलंडमध्ये मोठे गोल जंत असलेल्यांत मेंदूचा मलेरिया कमी दिसला. त्यामुळे नुसतं 'जंत' म्हणून भागत नाही. कुठला जंत, किती, कुठल्या वयात, हे विचारावं लागतं. शिवाय ज्या घरात संडास नाही, पायात चप्पल नाही, भिंत कुडाची आणि छपराला फटी, त्या घरात दोन्ही असणारच. त्यात जंतांचा दोष किती आणि गरिबीचा किती, हे वेगळं काढणं महाकठीण. जंताची गोळी द्या आणि मलेरिया पळवा, असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास नाही.

गोळ्या मात्र द्यायलाच हव्यात, आणि केनिया त्या शाळांतून देतो. नर्सबाईंनी शाळेतल्या वाटपाचं वर्णन हसत हसत केलं. जंतांची गोळी पोरं चघळून खातात, तिचं काही नाही. शिस्टोसोमाच्या प्राझिक्वांटेलसाठी मात्र उंचीची पट्टी लावून किती गोळ्या ते ठरवतात. गोळ्या भल्या मोठ्या आणि कडू, म्हणून आधी पोटात काहीतरी घालावं लागतं. त्या दिवशी पोरं बुट्टी मारतात का, विचारलं. म्हणाल्या, "पेज असेल तर नाही मारत."

इथून उत्तरेला बुसिया. तिथल्या शाळांमध्ये १९९८ पासून मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी जंतनाशकाचा प्रयोग केला. गोळ्या घेतलेल्या मुलांमुळे न घेतलेल्यांनाही फायदा होतो, हा त्यांचा दावा. त्यावर अर्थतज्ज्ञ आणि डॉक्टर बरीच वर्षं भांडले. क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते एस्थर डुफ्लो आणि अभिजित बॅनर्जींसोबत. बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर, हे दाजींनी जेवताना तीनदा सांगितलं.

मला जास्त मोलाची वाटते ती बातमी किनारपट्टीवरच्या क्वालेची. आयव्हरमेक्टिन हे जंतांचंच औषध. ते घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलेला डास मरतो. क्वालेत मलेरियाच्या हंगामात महिन्यातून एकदा, सलग तीन महिने, गावंच्या गावं हे औषध दिलं. २०२५ मध्ये निकाल आला. पाच ते पंधरा वयाच्या मुलांत मलेरियाची लागण २६ टक्क्यांनी कमी. आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावांना दिलं होतं अल्बेंडाझोल, म्हणजे तेही जंतांचंच औषध! नर्सबाईंना हे सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "आणि गरोदर बायांना?" त्यांना ते देत नाहीत. लहानग्यांनाही नाही. "मग मच्छरदाण्या येऊ देत आधी," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

जाणार असाल तर: पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, परतताना विमानतळावर दाखला मागतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि परत आल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या. दुंग्याला तळलेला अख्खा तिलापिया मासा उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याबरोबर, हाताने खा. होडीतून फिरा, पाण्यात मात्र पाय घालू नका. घातलेच तर परतल्यावर दीड-दोन महिन्यांनी तपासणी करून घ्या. लगेच केली तर काही सापडत नाही, आणि प्राझिक्वांटेल कोवळ्या जंतांवर चालत नाही.